सिस्को २९११ चं आयओएस अपग्रेड करायचंय, पहिल्यांदाच करतोय, राउटर मरणार नाही ना?

कृष्णाकाठचा_आयटीवाला

नमस्कार मंडळी. कराडला एका पतसंस्थेत आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला इथपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. हेड ऑफिसला सिस्को २९११ राउटर आहे, आयओएस म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर (आयफोनचं नव्हे). सात शाखांचे व्हीपीएन टनेल, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या कुलूपबंद वाटा, त्याच्यावर येतात. ज्या व्हेंडरने बसवला तो आता फोन उचलत नाही. ‘शो व्हर्जन’ मारलं तर १५.१(४)एम दिसतंय आणि अपटाइम तीन वर्षं दोन महिने, म्हणजे यूपीएस चांगला आहे एवढं कळलं. यंदा आयटी ऑडिटरने शेरा मारलाय की राउटरचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे, अपग्रेड करून पुरावा द्या. मॅनेजरसाहेब म्हणतात रविवारी करून टाक, त्यांना वाटतंय मोबाइल अपडेट करतात तसं असतं.

मी आजवर राउटरवर आयपी बदलणं आणि अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये ओळ घालणं यापलीकडे काही केलेलं नाही. व्हिडिओ बघितले, सगळ्यांचं पाच मिनिटांत होतं, कुणाचंच काही बिघडत नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटायला लागलीय. एका मित्राने टेलिग्रामवरून १५.७ ची इमेज (आयओएसची फाइल) पाठवलीय. फ्लॅश, म्हणजे राउटरची साठवणीची जागा, २५६ एमबीची आहे, जुनी इमेज उडवून नवीन टाकायची का? मध्येच लाइट गेली तर? सोमवारी सकाळी दहाला काउंटर उघडतो, तेव्हा काही बंद असलं तर माझी नोकरी गेलीच समजा.

अजून एक, म्हसवड शाखेत सिस्को १९४१ राउटर आहे, तो पण याच शेऱ्यात आलाय. तिथे जायला यायला दिवस मोडतो. इथून बसल्या बसल्या होईल का?

पॅकेट_पुणेरी

पहिलं म्हणजे टेलिग्रामवाली इमेज डिलीट करा. आत्ता. मित्र चांगला असेल हो, पण त्याला ती कुणी दिली हे त्यालाही माहीत नसेल. ज्या डब्यातून तुमच्या संस्थेचा सगळा व्यवहार जातो त्यात कुठूनतरी आलेली फाइल घालायची नाही. सपोर्ट काँट्रॅक्टवाला एखादा पार्टनर गाठून सिस्कोच्या साइटवरूनच घ्या. फाइलच्या नावात ‘एसपीए’ दिसेल, त्यातला एस म्हणजे डिजिटल सही असलेली, पी म्हणजे प्रॉडक्शन आणि ए म्हणजे सहीच्या किल्लीची आवृत्ती. राउटरवर टाकल्यावर ‘शो सॉफ्टवेअर ऑथेंटिसिटी फाइल’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं की सही बघता येते. (कमांड देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही ज्याला घाबरताय ते म्हणजे कॉपी चालू असताना लाइट जाणं, त्यात काही होत नाही. फाइलच्या नावात ‘एमझेड’ आहे बघा, एम म्हणजे रॅममधून चालणारी आणि झेड म्हणजे झिप केलेली. राउटर चालू होताना फ्लॅशमधली इमेज रॅममध्ये उलगडतो आणि मग फ्लॅशकडे वळूनही बघत नाही. तुम्ही चालू राउटरची फ्लॅश अख्खी पुसली तरी तो आरामात चालत राहील, बोंब होईल ती पुढच्या रीलोडला, म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू होताना. कॉपी करताना लाइट गेली तर नवीन फाइल अर्धवट राहील, जुनी जागच्या जागी असेल, राउटर जुन्यावर उठेल, तुम्ही पुन्हा कॉपी करा. म्हणून जुनी उडवायची नाही. २५६ मध्ये १५.१ ची जुनी आणि शंभर एमबीच्या वरची नवीन दोन्ही मावतात, ‘शो फ्लॅश’ करून मोकळी जागा बघून घ्या. जागा कमी पडली तर जुन्या कुणी टाकलेल्या भलत्याच फाइली असतात, त्या काढा.

रीलोडच्या आधी जे काही करता ते सगळं परत फिरवता येतं. रीलोड दाबल्यापासून पुढची पाच-सहा मिनिटं तेवढी आपली नसतात. त्यामुळे शनिवारीच कॉपी, तपासणी सगळं उरकून ठेवा, रविवारी फक्त रीलोड.

कॉपी झाल्यावर ‘व्हेरिफाय एमडी५’ (फाइलचा ठसा काढणारी कमांड) करा आणि आलेला आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवा, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवून बघा. मग बूटच्या ओळी. इथे माणसं आपटतात. आधी ‘शो रन’ मध्ये (चालू कॉन्फिग, म्हणजे सेटिंग, दाखवणारी कमांड) ‘बूट सिस्टीम’ ची, म्हणजे कोणती इमेज उठवायची ते सांगणारी, ओळ आहे का बघा. असली तर ती ‘नो’ लावून काढा, कारण नवीन ओळ टाकली की ती जुनीच्या खाली जाऊन बसते आणि राउटर वरून खाली वाचतो, म्हणजे रीलोड करून परत जुनंच आयओएस. मी स्वतः २०१४ मध्ये एका क्लायंटकडे रात्री दोन वेळा रीलोड केला आणि दोन्ही वेळा १५.० बघत बसलो, तिसऱ्यांदा ट्यूब पेटली. तर आधी नवीनची ओळ, तिच्याखाली जुनीची ओळ. नवीन फाइल खराब निघाली तर तो आपोआप खालच्यावर जातो. ‘शो व्हर्जन’ च्या तळाला कॉन्फिग रजिस्टर ०एक्स२१०२ आहे ना तेही बघा, कुणीतरी पासवर्ड काढताना २१४२ करून तसंच ठेवलेलं असलं तर राउटर सगळं कॉन्फिग विसरून कोरा उठेल आणि तुम्ही आयओएसला शिव्या घालत बसाल.

आणि एक, राइट (कॉन्फिग सेव्ह) करू नका लगेच. नवीन आयओएस कधी कधी कॉन्फिगमधल्या ओळी आपल्या पद्धतीने बदलून घेतं, एकदा राइट केलं की जुन्यावर परत जाताना त्या ओळी त्याला कळत नाहीत. आधी सगळं तपासा, एक-दोन दिवस चालू द्या, मग.

वऱ्हाडी_व्हीलॅन

भाऊ, तीन वर्षं झाली बंद नाही पडला अन् तुम्ही त्याले हात लावून राह्यले? चालतंय तर चालू द्या ना. ऑडिटरले काय, दरवर्षी नवा येते अन् नवा शेरा मारते. आमच्याकडे एका ठिकाणी अपग्रेड केलं तं अर्धा दिवस बँकिंग बंद होतं, शेवटी जुनंच टाकलं. वरून २९११ चा सपोर्टच ३१ डिसेंबर २०२२ ले संपला, त्यात १५.७ टाका नाहीतर अजून काही टाका, कागदावर तो जुनाच. ऑडिटरले नवीन राउटरचं कोटेशन दाखवा अन् मोकळे व्हा.

स्विचवाली_नाशिक

@वऱ्हाडी_व्हीलॅन सपोर्ट संपल्याचं बरोबर आहे, नवीन राउटरचं कोटेशन मागवायलाच पाहिजे. पण पतसंस्थेत कोटेशन, तीन निविदा, संचालक मंडळाची मीटिंग, म्हणजे दिवाळी गेली. तोपर्यंत काय? यांचे सात टनेल आहेत, बहुतेक आयकेईव्ही१ वरच (टनेलच्या किल्ल्या ठरवायची जुनी पद्धत) असणार. ऑगस्ट २०१६ मध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने चोरलेली हत्यारं नेटवर टाकली, त्यातलं एक जुन्या सिस्को फायरवॉलवर चालणारं होतं, ते तपासताना कळलं की आयओएसमध्येही तीच चूक आहे. बाहेरचा कुणीही खास बनवलेलं पॅकेट पाठवतो आणि राउटर उत्तरात आपल्याच मेमरीतला तुकडा देतो, त्यात काय निघेल ते नशीब. त्या दोषाचा नंबर सीव्हीई-२०१६-६४१५. त्यावर सेटिंग बदलून उपाय नव्हता, अपग्रेड हाच उपाय. १५.१ त्यात येतं. त्यामुळे ‘चालतंय तर चालू द्या’ हे पंख्याला ठीक आहे.

उलट बाजूने पण सांगते, ऑक्टोबर २०२३ मध्ये वेब पेजवाल्या दोषाचा जो गाजावाजा झाला, दहापैकी दहा गुण मिळालेला, तो आयओएस एक्सई वर होता, २९११ वर साधं आयओएस आहे, त्याची भीती कुणी दाखवली तर घाबरू नका. वेब पेज लागत नसेल तर ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ आणि त्याचा सिक्युअरवाला भाऊ, दोन्ही तरीही बंद करा, फुकट आहे.

कॉपीबद्दल थोडं. सगळे टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) सांगतील, पण त्याचा ब्लॉक ५१२ बाइटचा असतो आणि ब्लॉकचा नंबर १६ बिटचा, म्हणजे ६५५३५ पर्यंतच मोजता येतं. गुणाकार करा, ३२ एमबीच्या आसपास गाडी थांबते. नवीन टीएफटीपी सॉफ्टवेअर पुन्हा शून्यापासून मोजतं, जुनी तिथेच दम सोडतात, काही तर १६ वरच. तुमची फाइल शंभरच्या वर आहे. राउटरवर ‘आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइझ ८१९२’ टाकलं तर वेगही वाढतो. मी मात्र हल्ली सरळ पेनड्राइव्ह लावते, २९११ ला यूएसबीची दोन भोकं आहेत. फॅट३२ फॉरमॅट करा आणि आधी ‘डीआयआर यूएसबीफ्लॅश०’ करून वाचतोय का बघा, प्रत्येक पेनड्राइव्ह तो वाचत नाही, घरातले दोन-तीन घेऊन जा.

कृष्णाकाठचा_आयटीवाला

पुणेरी सर, ताई, खूप खूप आभार. टेलिग्रामवाली उडवली. सांगलीच्या एका पार्टनरकडून रीतसर मिळतेय. टीएफटीपी करून बघितलं, टाइमआउट येत होता, मग कळलं की लॅपटॉपचा फायरवॉल यूडीपी ६९ अडवत होता. ते सोडवायच्या आधीच एक ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह वाचला त्याने, म्हणून तोच मार्ग धरला.

पण समजा, समजा हं, दोन्ही इमेज नाही उठल्या तर? रॉममॉन का काय म्हणतात ते आलं तर काय करायचं? आणि म्हसवडचं?

निवृत्त_एक्स्चेंजवाला

मी टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस, राउटर उशिरा शिकलो, पण एक सांगतो, कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राउटरला जोडणारी) लावल्याशिवाय रीलोड शब्द टाइपसुद्धा करायचा नाही. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लांबून, रीलोड केलं की पुढे काय चाललंय ते तुम्हाला दिसतच नाही, माणूस पिंगकडे बघत घामाघूम होतो आणि चौथ्या मिनिटाला जाऊन स्विच बंद-चालू करतो. कन्सोलवर दिसतं की ####### अशी रांग चाललीय, म्हणजे तो इमेज उलगडतोय, त्याला वेळ लागतो, लागू द्या. चहा घ्या.

निळी चपटी केबल आणि यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर, स्पीड ९६००. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर आदल्या दिवशी टाकून बघा, ऐन वेळी नेट बंद असतं हे लोक विसरतात (नेट बंद का, तर तुम्हीच राउटर रीलोड केलाय). २९११ ला मिनी यूएसबीचं कन्सोल पण आहे, पण त्यात केबल घातली की निळं भोक मुकं होतं, दोन्ही लावून ‘काहीच येत नाही’ म्हणू नका.

रॉममॉन आलं तर राउटर मेलेला नाही. आयओएस न मिळाल्यावर तो जिथे थांबतो ते त्याचं तळघर समजा. तिथे ‘डीआयआर फ्लॅश०’ करून काय काय आहे ते बघा, आणि ‘बूट’ म्हणून जुन्या फाइलचं पूर्ण नाव द्या. फ्लॅशच गेली असली तर तुमचा तो पेनड्राइव्ह आहेच, त्यावर जुनी इमेज पण ठेवून द्या, तिथूनही बूट होतो. तेही नसलं तर ‘टीएफटीपीडीएनएलडी’ आहे, आयपी, मास्क, गेटवे, सर्व्हर आणि फाइल अशी पाच नावं द्यायची आणि केबल गिगाबिट ०/० मध्येच घालायची. कन्सोलवरून एक्समोडेमने फाइल चढवायचं कुणी सुचवलं तर हात जोडा. ९६०० ने शंभर एमबी म्हणजे हिशोब करा, दिवस उलटून जातो. १९९० च्या दशकात आम्ही छोट्या फाइली चढवल्यात तशा, तेव्हा ठीक होतं.

चालू होताना अडवून रॉममॉनमध्ये न्यायला ब्रेक लागतं, पण लॅपटॉपला ब्रेक बटण नसतं, पुटीच्या (कन्सोल बघायचं सॉफ्टवेअर) मेनूत स्पेशल कमांडमध्ये ब्रेक सापडतं, ते आधी शोधून ठेवा.

स्विचवाली_नाशिक

म्हसवडबद्दल: दुरून करता येतं, पण मी करणार नाही. लोक म्हणतील ‘रीलोड इन ३०’ लावून ठेवा. ते कॉन्फिग बदलताना छान आहे, चुकून स्वतःलाच बाहेर काढलं तर अर्ध्या तासाने राउटर जुन्या कॉन्फिगवर येतो. अपग्रेडमध्ये त्याचा उपयोग नाही, कारण रीलोड झालं की तो टायमर संपला. आणि बूटच्या दोन ओळी फक्त फाइल खराब असली तरच वाचवतात. इमेज नीट उठली पण टनेलच वर आला नाही, तर राउटर खूश आणि तुम्ही बाहेर. त्याला इव्हेंट मॅनेजरची छोटी स्क्रिप्ट लिहितात, उठल्यावर अर्ध्या तासाने स्वतःच बूटची ओळ जुनी करून रीलोड करणारी. आमच्या एकाने ती लिहिली, सगळं उत्तम झालं, घरी गेला आणि स्क्रिप्ट काढायला विसरला. अर्ध्या तासाने राउटर इमानदारीत जुन्यावर परत.

कराडचं आधी होऊ दे. आठवडाभर बघा. मग सकाळची एसटी पकडा. अगदीच जमत नसेल तर तिथल्या क्लार्कला लॅपटॉप आणि कन्सोल केबल लावून द्यायला सांगा, त्या लॅपटॉपला मोबाइलचं नेट द्या आणि स्क्रीन शेअर करा, पण त्या लॅपटॉपला शाखेचं नेट दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

कृष्णाकाठचा_आयटीवाला

मंडळी, झालं. पण सरळ नाही झालं, सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला उपयोग.

शनिवारी फाइल चढवली, एमडी५ जुळला, बूटची जुनी ओळ नव्हतीच, दोन ओळी सांगितल्या क्रमाने टाकल्या. ‘शो रन’ पूर्ण नोटपॅडमध्ये घेऊन ठेवलं. रविवारी सकाळी नऊला कन्सोल लावून रीलोड दिलं. त्याने विचारलं, कॉन्फिग बदललंय, सेव्ह करू का? आता पुणेरी सरांनी लिहिलेलं ‘राइट करू नका’, माझ्या डोक्यात तेवढंच पक्कं बसलेलं. मी म्हटलं नो.

उठला, आणि १५.१. मी पांढराफटक. पाचदा ‘शो व्हर्जन’ मारलं. मग लक्षात आलं की बूटच्या ओळीच सेव्ह नव्हत्या, त्या नो बरोबर गेल्या, फ्लॅशमधली पहिली फाइल जुनी होती ती त्याने घेतली. बरं म्हटलं, पुन्हा करू. तेवढ्यात बघतो तर सातपैकी सहाच टनेल वर. सातवी शाखा मागच्या वर्षी उघडली, तिचा टनेल व्हेंडरने टाकला होता आणि पठ्ठ्याने राइटच केलं नव्हतं! वर्षभर तो टनेल नुसता रॅममध्ये जगत होता. म्हणजे मी काहीही केलं नसतं आणि यूपीएस एकदा बसला असता तरी ती शाखा गेलीच असती.

नोटपॅडमधून त्या ओळी उचलल्या, पेस्ट केल्या, टनेल आला. बूटच्या ओळी पुन्हा टाकल्या, या वेळी राइट केलं, ‘शो स्टार्टअप’ मध्ये (सेव्ह झालेलं कॉन्फिग) डोळ्यांनी बघितलं. रीलोड. ती ######## ची रांग बघत खरंच चहा घेतला, अर्धा सांडला. १५.७ आलं, सातही टनेल वर. दोघा शाखाधिकाऱ्यांना रविवारी फोन करून सॉफ्टवेअर उघडायला लावलं, त्यांच्या शिव्या वेगळ्या. साडेअकराला कुलूप लावून घरी.

पॅकेट_पुणेरी

चूक माझी. ‘नवीन आयओएस उठल्यावर राइट करू नका’ असं लिहायला हवं होतं, रीलोडच्या आधी तर राइट केलंच पाहिजे. वरचं तसंच ठेवतो, खाली हे वाचतील लोक. नोटपॅडमधला ‘शो रन’ नसता तर आज तुम्ही त्या व्हेंडरला शोधत फिरत असता, तेवढं एक बरं केलंत. ती फाइल लॅपटॉपवर ठेवू नका, त्यात टनेलच्या किल्ल्या उघड्या आहेत.

म्हसवडला जाल तेव्हा तिथे आधी ‘शो रन’ आणि ‘शो स्टार्टअप’ दोन्ही काढून शेजारी ठेवून बघा. त्याच व्हेंडरने बसवलाय ना तो पण?

कृष्णाकाठचा_आयटीवाला

त्यानेच. आत्ता इथूनच काढून बघितलं. तीन ओळींचा फरक आहे, त्यातली एक डीफॉल्ट रूटची, म्हणजे बाहेर जायच्या वाटेची.

वऱ्हाडी_व्हीलॅन

राइट मारा भाऊ आधी. अपग्रेड मग पाहू.